विहिणीचं बोट

त्या दोन वर्षांत माझ्याकडे जेवढे कागद आले तेवढे आयुष्यात कधी आले नव्हते. महापालिकेचे, राज्य सरकारचे, दिल्लीचे, डॉक्टरांच्या कुठल्या कुठल्या संघटनांचे, शिवाय व्हॉट्सॲपवर लोकांनी पुढे ढकललेले. सगळ्यांचा विषय एकच, वृद्धाश्रम चालवणाऱ्यांनी साथीच्या काळात काय करावं आणि काय करू नये. संशयिताला स्वतंत्र खोलीत ठेवा, स्वतंत्र बाथरूमसह. कर्मचाऱ्यांचे वेगवेगळे गट करा. भेटायला येणारे बंद करा, पण म्हाताऱ्यांना एकटं वाटू देऊ नका. नागपूरच्या मनीषनगरमधल्या आमच्या घरात सात खोल्या, तीन बाथरूम आणि चौदा म्हातारी माणसं. कर्मचारी म्हणजे मी, माझी बायको, एक स्वयंपाकीण आणि दोन आया. त्यातली एक आया टाळेबंदीची आवई उठल्याबरोबर गावी गेली ती गेलीच. उरलेल्या चौघांचे गट कसे पाडायचे ते कागद लिहिणाऱ्याने इथे येऊन दाखवावं, असं मी रोज बायकोला सुनावायचो. जणू तिनेच ते कागद लिहिले होते.

तरी मी ते फेकले नाहीत. उलट त्यांची फाईल केली, महत्त्वाचे तेवढे व्हरांड्याच्या भिंतीवर चिकटवले. बाहेर रोज काय काय कानावर येत होतं, आणि आपल्या भरवशावर चौदा जीव. अशा वेळी कागदात लिहिलंय म्हटलं की निदान स्वतः विचार करावा लागत नाही. मी विचार करायला घाबरत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुसरी लाट आली त्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन मोजण्याचा कागद आला. कर्मचाऱ्याने मास्क, हातमोजे, एप्रन घालून प्रत्येकाजवळ जावं, बोटाला ऑक्सिमीटर लावावा, ताप बघावा, श्वास कसा चाललाय ते डोळ्यांनी पाहावं, असं त्यात होतं. दिवसातून दोनदा. मला मधुमेह आहे, वजन आहे, आणि त्या आठवड्यात माझ्या ओळखीतली तीन माणसं गेली होती. माझी पाचावर धारण बसली होती. म्हणून मी माझी एक पद्धत काढली. सीताबर्डी पालथी घालून सात ऑक्सिमीटर मिळवले आणि खोलीला एक असे वाटून टाकले. आमच्या खोल्यांच्या खिडक्या व्हरांड्यात उघडतात. खिडक्यांच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदा आहे, आतल्या माणसाला कपडे बदलताना संकोच वाटू नये म्हणून बायकोने लावलेला. एक पलंग खिडकीखालीच, दुसरा माणूस उठून त्यावर येऊन बसायचा. मी व्हरांड्यात कठड्याला टेकून उभा राहायचो आणि हाक मारायचो. मग पडद्याच्या वर एक हात यायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावलेला, तळवा माझ्याकडे. मी चष्म्यातून आकडा वाचायचो, वहीत लिहायचो. मग त्याच खोलीतला दुसरा हात. कोणाजवळ जायचं काम नाही, कोणाचा श्वास अंगावर घ्यायचं काम नाही. चौदा हात दहा मिनिटांत आटपायचे. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

सकाळचा आकडा मी प्रत्येकाच्या मुलांना पाठवायचो. पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत माणसं त्या आकड्याची वाट पाहत बसलेली असायची. आकडा चांगला असला की अंगठा, हात जोडलेले, फुलं. साधा नमस्कारही न पाठवणारी मुलं त्या दिवसांत मला भाऊ, दादा म्हणायला लागली होती.

आणखी एक गोष्ट मी केली. व्हरांड्यात मधोमध उभं राहून सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं की आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर दवाखान्यात रवानगी, कोणी वाद घालायचा नाही. मला वाटलं, शिस्त म्हणजे अशी. दुसऱ्या दिवशी कोपऱ्याच्या खोलीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांचा आकडा नव्वद आला. मी अॅम्ब्युलन्स बोलावली. ते स्वतःच्या पायांनी चालत गेले, जाताना सगळ्यांना हात करून गेले. पाच दिवसांनी फोन आला आणि त्यांची रेक्झिनची पिशवी परत आली. परत आलेलं सामान काही दिवस उन्हात ठेवावं, असं मी कुठल्या तरी कागदात वाचलं होतं. मी ती पिशवी अंगणात खुर्चीवर ठेवली. सातही खिडक्यांतून ती दिसत होती. माझ्या काहीच लक्षात आलं नाही.

चौथी खोली विहिणींची. वरमाय आणि मुलीची आई एकाच खोलीत राहतात, असं सांगितलं तर मराठी माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, भांडणं किती होतात. एकीचा एकुलता एक मुलगा, दुसरीची एकुलती एक मुलगी, दोघं लग्न करून अमेरिकेला गेलेली. दोघी विहिणी विधवा. वरमाय नागपूरच्याच महाल भागातल्या जुन्या कारकुनी घराण्यातल्या, बाथरूममध्ये पडल्या तेव्हा मुलाने त्यांना आमच्याकडे आणून ठेवलं. वर्षभराने त्यानेच सुचवलं, सासूबाईंनाही तिथेच ठेवू, दोघींना सोबत होईल. तेव्हा मुलीची आई कामठीहून एक लोखंडी पेटी घेऊन आल्या. मी बायकोला म्हटलं होतं, महिनाभरात एकीला तरी खोली बदलून द्यावी लागेल.

तसं काही झालं नाही, कारण मुलीच्या आईने भांडायचं नाही असं लग्नातच ठरवून टाकलं होतं. चहाचा पहिला कप वरमायला. कूलरच्या बाजूचा पलंग वरमायला. पेपर आधी वरमायला, आणि वरमायला नीट दिसेनासं झाल्यावर तो वाचून दाखवायचं काम मुलीच्या आईला. वाचताना वरमाय त्यांचे उच्चार सुधारायच्या. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी लग्नातल्या पंगतीत वडाभातावर फोडणीचं तेल कमी पडलं होतं, हे वरमाय कोणालाही सांगायच्या, नव्या आयालासुद्धा. मुलीची आई दर वेळी मान खाली घालून म्हणायच्या, "चुकलंच जी आमचं." एकदा त्यांनी माझ्या बायकोला हळूच सांगितलं, तेल पातेलंभर होतं, वाढणाऱ्यानं कंटाळा केला. मग वरमायला खरं काहून सांगत नाही, असं बायकोने विचारलं. त्या म्हणाल्या, "वरमाय हो त्या. त्याहिनं कमी पडलं म्हटलं म्हंजे कमी पडलं."

मला या बाईचा राग यायचा. एवढी कसली गरीब गाय. पण वरमायचे पाय दुखायला लागले की त्याच चेपून द्यायच्या, आणि वरमाय त्यांच्याशिवाय जेवायला बसायच्या नाहीत, हेही मी पाहत होतो. मुलीच्या आईने पासपोर्ट काढून ठेवला होता. साथ संपली की मुलीकडे जायचं, हे त्यांचं एकच म्हणणं. नातू नऊ वर्षांचा झाला होता आणि त्यांनी त्याला दोनदा पाहिलं होतं.

पोस्टमास्तरांची पिशवी आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून विहिणींच्या खोलीतून थोडा खोकल्याचा आवाज यायला लागला. मी व्हरांड्यातून विचारलं. वरमाय आतून म्हणाल्या, "कूलरचं गार बाधलंय, मॅनेजर. तुमचं काम करा." मला कोणी मॅनेजर म्हटलेलं आवडत नाही, आणि त्यांना ते ठाऊक होतं. पडद्यावर हात आला, सत्त्याण्णव. दुसरा हात आला, शहाण्णव. दुसऱ्या हातात दोन पाटल्या होत्या. सोनं घरी ठेवा म्हणून मी सगळ्यांना सांगितलेलं, वरमायनी ऐकलं नव्हतं. पाटल्या दिसल्या की हात वरमायचा, हे मला ठरून गेलं होतं. मी अमेरिकेला आकडे पाठवले. अंगठा आला.

असं तीन दिवस चाललं. आया सांगायची, चौथ्या खोलीतली दोन्ही ताटं लख्ख होऊन येतात, आजारी माणूस एवढं जेवतं का. मी म्हटलं, बघ, उगाच शंका घेत होतीस.

चौथ्या दिवशी सकाळी मी हाक मारली आणि दोन हात एकापाठोपाठ वर आले. पाटल्यांच्या हातावर शहाण्णव. मी लिहिलं. लिहिता लिहिता मनात काही तरी खटकलं आणि मी म्हटलं, परत दाखवा. हात परत वर आला. वरमायची मनगटं वाळून काटक्या झालेली होती. त्यांनी हात वर केला की पाटल्या घरंगळून थेट कोपराशी जायच्या, मी ते शंभरदा पाहिलं होतं. या हातावर त्या अंगठ्याच्या मुळाशीच रुतून बसल्या होत्या. हात रुंद होता, कामाचा होता. आधी वर आलेला हात आणि हा हात एकाच बाईचे होते, एक उजवा आणि एक डावा.

मी मास्क, हातमोजे काहीही न आठवता दार ढकलून आत गेलो. मुलीची आई खिडकीखालच्या पलंगावर गुडघ्यावर बसलेल्या होत्या, बोटात ऑक्सिमीटर तसाच. वरमाय कूलरजवळच्या पलंगावर तीन उशांना टेकून होत्या. ओठ जांभळे झालेले. श्वास घेताना खांदे वर उचलले जात होते. त्या म्हणाल्या, "विचारल्याशिवाय आत कसे आलात?" आणि तेवढ्याने त्यांना धाप लागली. मी ऑक्सिमीटर घेऊन त्यांच्या बोटाला लावला. अडुसष्ट.

"काहून केलं असं?" मी मुलीच्या आईवर ओरडलो. त्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला.

"त्या म्हनल्या, इहीनबाई, तुमचं बोट द्या. मले नाई जायचं त्या पिशवीवानी." त्या पदराआडून बोलत होत्या. "वीस वर्षांत पयल्यांदा काई मांगितलं त्याहिनं माह्यापाशी. मी काय म्हनू जी?"

"आणि जेवण?"

"दोन्ही ताटं मीच खाल्ले. परत गेलं असतं तं तुमाले समजलं असतं."

त्या एरवी अर्धी पोळी खाणाऱ्या बाई. मी त्यांना आणखी बोललो. काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही, बायको येऊन मला बाहेर ओढेपर्यंत बोलत होतो. त्या ऐकून घेत होत्या. वरमाय मधेच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं. त्यांना कशाला बोलता."

नंतरचे पाच तास मला सलग आठवत नाहीत. भिंतीवरच्या कागदावरचे सगळे नंबर लावून पाहिले. काही लागत नव्हते, काही लागले तिथे नाव लिहून घेतो म्हणाले. अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, संध्याकाळपर्यंत जमलं तर. गल्लीतल्या एकाच्या घरी वडिलांसाठी आणलेला छोटा सिलिंडर होता, वडील नुकतेच गेले होते, त्याने तो आणून दिला. आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर वरमायना बसवलं, बायको सिलिंडर धरून शेजारी बसली. तिने मास्कवर मास्क चढवला आणि बसली. मी तीन दिवस खिडकीतून आकडे वाचत होतो आणि ती एका क्षणात जाऊन बसली, याची मला आजही लाज वाटते.

मुलीच्या आईला येऊ देणं शक्य नव्हतं. त्या फाटकापर्यंत आल्या. मनगटातल्या पाटल्या निघत नव्हत्या, त्या ओढून ओढून काढत होत्या, हात सोलवटला होता. वरमायनी गाडीतून पाहिलं. नाकातोंडावरचा मास्क जरा बाजूला केला आणि म्हणाल्या, "राहू द्या. तुमच्याच मुलीला जायच्या आहेत." मग म्हणाल्या, "चला, मॅनेजर."

तीन दवाखान्यांच्या फाटकांवर जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी चौकीदाराने आत सोडलंच नाही. दुसऱ्या ठिकाणी एक थकलेली डॉक्टर मुलगी गाडीपर्यंत आली, बोटाला यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाली, काका, माझ्याकडे जमिनीवरही जागा नाही. ती खरं बोलत होती, दारातून दिसत होतं. तिसऱ्या ठिकाणी गाड्यांची रांग होती, रिक्षांत, टेम्पोत माणसं सिलिंडर घेऊन बसलेली. एप्रिलमधलं नागपूरचं ऊन, गाडीचा एसी कधीचाच बंद. बायको ओला पंचा वरमायच्या कपाळावर ठेवत होती. मी उतरून पुढे जाऊन हात जोडायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. दुपारी तीनच्या सुमाराला मी परत आलो तेव्हा बायकोने काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि सिलिंडर बंद केला. आमच्यापुढे अजून अकरा गाड्या होत्या.

घाटावर आम्हाला दुरूनच उभं केलं. महापालिकेच्या माणसांनी सगळं केलं. मी मोबाईल वर धरून मुलाला दाखवलं, पण धुरामुळे त्याला काय दिसलं असेल कोण जाणे.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी व्हरांड्यात होतो. तो रडत नव्हता. अगदी हळू, एक एक शब्द सुटा करत विचारत होता. "काल सकाळी शहाण्णव. परवा सत्त्याण्णव. त्याच्या आधी शहाण्णव. माझ्याकडे सगळे मेसेज आहेत. आज सकाळी अडुसष्ट. हे कसं होतं, मला समजावून सांगा."

चौथ्या खोलीची खिडकी माझ्यापासून चार हातांवर होती. पडद्यामागे मुलीची आई बसलेली आहे हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मी तीन दिवस मोजलंच नाही. मनाने आकडे लिहून पाठवले. माझी चूक झाली."

तो म्हणाला, "आणि आमच्या आई? त्या तर त्याच खोलीत होत्या. त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?" सासूला तो आईच म्हणायचा.

मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. "त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं," मी म्हटलं. "तसा नियमच आहे. खोकला सुरू झाल्याबरोबर वेगळं केलं. त्यांना काही माहीत नाही."

सात खोल्यांच्या त्या घरात वेगळी खोली कुठून येणार होती. पण अमेरिकेत बसून त्याला ते कसं कळणार. तो मला जे बोलला ते बोलण्याचा त्याला हक्क होता. मी ऐकून घेतलं, आणि ऐकताना, खरं सांगतो, मला आपण मोठे आहोत असं वाटत होतं. एका बाईचा, तिच्या मुलीच्या संसाराचा भार मी आपल्या खांद्यावर घेतला होता. आणि दुसरं असं की तीन दिवस जवळ जाऊन मोजलं नाही, हे तर खरंच होतं. त्यामुळे आपण फार खोटंही बोलत नाही आहोत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढे व्हायचं ते झालं. मुलाने सगळ्या कुटुंबांच्या ग्रुपवर लिहिलं. त्या आठवड्यात पाच जणांना त्यांची मुलं घेऊन गेली, मला एका शब्दाने न विचारता. भाऊ, दादा म्हणणारे लोक जबाब विचारायला लागले. शिवाय महापालिकेच्या कार्यालयातून माणूस येऊन आकड्यांची वही घेऊन गेला. लोक मला जे म्हणायचे ते मी बायकोला सांगायचो आणि ती एकच प्रश्न विचारायची, खरं सांगून का टाकत नाही. मी म्हणायचो, शब्द दिलाय. कोणाला दिलाय, असं ती विचारायची. कोणीच मागितला नव्हता.

हळूहळू मला मुलीच्या आईचा राग यायला लागला. त्या स्वतः होऊन सांगतील असं मला वाटत होतं. निदान माझ्यापाशी काही बोलतील. त्या खोलीत बसून राहायच्या, ताट आलं की जेवायच्या. त्यांनाही ताप येऊन गेला, पण हलका, आणि त्या उठल्या. पाटल्या साबण लावून निघाल्या, त्या त्यांनी पेटीत ठेवल्या. मी रोज आत जाऊन, समोर बसून, त्यांच्या बोटाला यंत्र लावायचो आणि त्या भिंतीकडे पाहायच्या.

पुढच्या हिवाळ्यात विमानं सुरळीत झाल्यावर मुलगी आणि जावई आले. आईला न्यायलाच आले होते, तयारी करूनच. जावयाने माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलगी मात्र बोलली. ऑफिसच्या खोलीत उभी राहून ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंचं काय केलं ते केलं, निदान माझी आई सुखरूप नेऊ द्या मला." मुलीची आई शेजारी खुर्चीवर बसलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पदर नीट केला, बस.

मग त्या म्हणाल्या, "मी नाई येत, बाई."

मुलीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. जावयाने समजावलं, नातवाला व्हिडिओवर आणून बोलायला लावलं. त्या म्हणत राहिल्या, पोरीच्या घरी कायमचं राहत नाहीत, आमच्यात चालत नाही. मुलगी चिडली, कोणत्या जमान्यात राहतेस म्हणाली, रडली. तीन दिवस हा प्रकार चालला. शेवटी ती दोघं नुसत्या पाटल्या घेऊन परतली.

ती गेली त्या संध्याकाळी मी चौथ्या खोलीत गेलो. मला त्यांचा राग होताच, पण हे पाहवत नव्हतं. मी म्हटलं, "जा ना जी तुम्ही. कशाची भीती बाळगता? मी मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही."

"तुमी सांगनार नाई हे मले माहीत हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हनूनच तं जाता येत नाई."

मला कळलं नाही. त्या पलंगावर जरा सरकून बसल्या आणि त्या वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलल्या.

"तवाच सांगतलं असतं तं जावई चिडले असते. काई बाई बोलले असते, सा महिने फोन केला नसता. पोरगी रडली असती. मंग कवातरी म्हनले असते, जाऊ द्या, आई, तिनंच मांगितलं होतं ना बोट. आता मी त्याहिच्या घरी बसून त्याहिचं अन्न खाऊ, आन् ते मले इचारतीन, आई, तुमची तब्येत कशी हाय. घास कसा खाली उतरन जी?"

"मग आता सांगतो मी. उद्याच फोन करतो."

"आता सांगतलं तं म्हनतीन, वरीसभर दोघं मिळून खोटं बोलले. तुमाले शिव्या देल्या त्या फुकट गेल्या म्हनतीन." मग त्या म्हणाल्या, "माणसाले राग धरायले कोनीतरी पाह्यजे, भाऊ. त्याहिच्यापाशी तुमी हा. माह्यापाशी तं कोनीच नाई."

मी तिथून उठून आलो. माझ्या थोरपणाचा त्या बाईला काय उपयोग झाला होता, ते मला त्या दिवशी समजलं. तिला मी वाचवलं नव्हतं. तिच्या नातवाकडे जाणारा रस्ता मी माझ्या हाताने बंद केला होता, आणि वर तिच्याकडून आभाराची वाट पाहत होतो.

त्या अजून आमच्याकडेच आहेत, त्याच खोलीत. वय झालं, हाताला कंप आहे, त्यामुळे रविवारी व्हिडिओ कॉल आला की मोबाईल मला धरावा लागतो. मी पलंगाच्या बाजूला उभा राहतो, स्क्रीनवर मी दिसत नाही. मुलगी बोलते, नातू येऊन हाय करतो, त्याला आता मिसरूड फुटायला आली आहे. शेवटी जावई येतो. वरमाय जाऊन इतका काळ झाला तरी तो फिरून फिरून तिथेच येतो. आपल्या आईच्या शेवटच्या तीन दिवसांची त्याच्याकडे काही म्हणजे काही खबर नाही, फक्त मी पाठवलेले आकडे आहेत.

ते तीन दिवस संपूर्ण एका माणसाजवळ आहेत. वरमाय धापा टाकत काय बोलत होत्या, मुलाच्या लहानपणीचं काय आठवत होत्या, पाणी कोणाच्या हातून प्यायल्या, पाटल्या काढून विहिणीच्या हातात चढवताना काय म्हणाल्या, सगळं. मलासुद्धा त्यांनी ते कधी सांगितलेलं नाही.

"आई," जावई विचारतो, "तेव्हा तिच्याजवळ कोणी होतं का? ती माझ्याबद्दल काही बोलली का?"

"मी दुसऱ्या खोलीत होती जी," त्या म्हणतात.

मी मोबाईल तसाच धरून उभा असतो.